नाखव्याला प्लेटलेट सांगा, एआरटीच्या डॉक्टरांना सगळं सांगा

पत्र

ताई, मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावर ट्रॉलरवर खलाशी आहे. वय 36. पाच वर्षांपूर्वी एचआयव्ही निघाला. बायकोला माहीत आहे, ती निगेटिव्ह आहे. बोटीवर कोणाला माहीत नाही. आठ-आठ दिवस समुद्रात असतो, एका फळीवर चौघं झोपतो, गोळ्या काढल्या की लगेच विचारतात. म्हणून शिमग्यानंतर बंदी लागेपर्यंत गोळ्या घेतल्याच नाहीत.

जूनमध्ये ताप आला. इथल्या डॉक्टरांना एचआयव्हीचं माहीत नाही, त्यांना डेंग्यू वाटला. डेंग्यू निगेटिव्ह, पण प्लेटलेट 24,000. त्यांनी कमरेत दुखण्याचं इंजेक्शन दिलं, तिथे हातभर काळंनिळं झालं. मी घाबरून एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्राला) गेलो, गोळ्या परत सुरू झाल्या. सीडीफोर (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा) 310 आहे. जूनअखेर दुसऱ्या लॅबमध्ये 19,000 आल्या, आता जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात 41,000. एआरटीच्या मॅडमना हे रिपोर्ट दाखवले नाहीत, त्या आधीच खंड पडला म्हणून रागावल्या होत्या. दात घासताना रक्त येतं, नडगीवर लाल ठिपके आले होते, आता कमी आहेत. कोणी म्हणतं पपईच्या पानांचा रस पी, कोणी म्हणतं प्लेटलेटची पिशवी चढव. मेव्हणा म्हणतो एचआयव्हीच्या गरम गोळ्यांनीच प्लेटलेट उतरतात. एक दाढही दुखते, काढायची आहे. ऑगस्टला बोट निघते, सुरुवातीचा कोळंबीचा हंगाम सोडला तर वर्षभर कर्ज. जाऊ का?

— एक खलाशी

उत्तर

भाऊ, तुमच्या पत्रातला सगळ्यात धोक्याचा आकडा 19,000 नाही. धोका आहे तो तुमच्या दोन फायलींमध्ये. एक फाईल एआरटी सेंटरात, तिच्यात एचआयव्ही आहे पण प्लेटलेट नाहीत. दुसरी गावच्या डॉक्टरांकडे, तिच्यात प्लेटलेट आहेत पण एचआयव्ही नाही. दोघंही डॉक्टर अर्धाच माणूस तपासतायत. कमरेवरचं ते हातभर काळंनिळं मात्र इंजेक्शनच्या चुकीचं: 24,000 प्लेटलेट असलेल्या माणसाला कोणी जाणूनबुजून स्नायूत इंजेक्शन देत नाही, आणि त्यातून दुखण्याचं तर नाहीच. रिपोर्ट हातात आल्यावर तरी थांबायला हवं होतं, पण तो राग आत्ता बाजूला ठेवू.

म्हणून पहिलं काम. तिन्ही रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावा आणि एआरटीच्या मॅडमसमोर ठेवा. रागावतील, रागावू द्या. गोळ्या सोडून परत आलेला माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिलेला नाही. आणि त्या रिपोर्टांवरून त्यांना जे कळेल ते इतर कोणालाच कळणार नाही.

आता आकड्याकडे येते. मी लॅबमधली बाई, आयुष्य रक्ताच्या काचा बघण्यात गेलं, त्यामुळे इथे थोडी रेंगाळणार आहे. प्लेटलेट साधारण दीड लाख ते साडेचार लाख असतात. मशीन त्यांना ओळखतं ते आकारावरून. तुमचं रक्त जांभळ्या टोपणाच्या बाटलीत घेतात, तिच्यातल्या औषधामुळे काही माणसांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. मशीनला तो गठ्ठा प्लेटलेट वाटतच नाही, आणि आकडा उगाच खाली दिसतो. म्हणून 24 नंतर 19 आणि मग 41 असं आलं की माझा पहिला प्रश्न असतो, सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची काच कोणी पाहिली का? रिपोर्टवर ‘पेरिफेरल स्मिअर’ असं लिहिलंय का बघा. नसेल तर पुढच्या वेळी मागून घ्या. गठ्ठे दिसले तर निळ्या टोपणाच्या, सायट्रेटच्या बाटलीत रक्त घेऊन पुन्हा मोजतात. काचेवर आणखीही एक गोष्ट दिसते: तांबड्या पेशींचे तुकडे झालेले असले तर तो वेगळाच, तातडीचा आजार असतो. तो एचआयव्ही असणाऱ्यांत कधीकधी दिसतो, आणि त्यात प्लेटलेट चढवणं उलट घातक ठरू शकतं. पिशवीची घाई करू नये, त्याचं हेही एक कारण.

तुमच्या बाबतीत मात्र हिरड्यांतून रक्त येत होतं आणि नडगीवर ठिपके होते, म्हणजे प्लेटलेट खरोखरच कमी होत्या. कमी-जास्त हजाराचा हिशेब लॅबवर सोडा, पण दर वेळी एकाच लॅबमध्ये जा.

का उतरल्या? शक्यता सगळ्यात जास्त ही, की गोळ्या बंद होत्या तेव्हा विषाणू वाढला. तो दोन बाजूंनी नुकसान करतो. अस्थिमज्जेत प्लेटलेट तयार करणाऱ्या मोठ्या पेशी असतात, त्यांनाच तो लागतो, त्यामुळे उत्पादन घटतं. आणि विषाणूविरुद्ध शरीर जी प्रतिपिंडं बनवतं, त्यातली काही चुकून प्लेटलेटनाही धरतात, कारण प्लेटलेटच्या अंगावरचा एक भाग विषाणूच्या कवचासारखा दिसतो. चोरासारखा शर्ट घातला म्हणून गावाने भलत्यालाच चोपावं, तशी गत. अशा प्लेटलेट पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, गाळल्या जातात. हे सीडीफोर फार उतरलेला नसतानाही होतं. काहींना तर एचआयव्ही असल्याचंच या कमी प्लेटलेटवरून पहिल्यांदा कळतं.

म्हणून मेव्हण्याला सांगा, गणित उलट आहे. गोळ्या सोडल्यामुळे प्लेटलेट उतरल्या, आणि गोळ्या सुरू झाल्यावर 41,000 झाल्या. सरकारी सेंटरात आता बहुतेकांना मिळते ती टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर अशी तिन्ही औषधं असलेली एकच गोळी. ती प्लेटलेट खाली आणण्यासाठी ओळखली जात नाही. उलट एचआयव्हीमुळे उतरलेल्या प्लेटलेटवरचं मुख्य औषध एआरटीच आहे. एचआयव्हीवरचं पहिलं औषध, 1987 मध्ये आलेलं झिडोव्हुडिन, त्यानेही प्लेटलेट वाढतात हे तेव्हाच दिसलं होतं. साधारण काही आठवडे ते तीन महिने लागतात. तुमची चाल बरोबर दिशेने आहे. आणि ही गोळी ‘गरम’ पडते म्हणून एक दिवसाआड घेण्याचा विचारही मनात आणू नका. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन कावीळ बी वरही काम करतात. कोणाला ती कावीळ असेल आणि गोळ्या अचानक सुटल्या तर यकृत भडकू शकतं.

एक गोळी मात्र मॅडमना विचारून घ्या. सीडीफोर 350 च्या खाली असला की कोट्रायमोक्साझोल देतात, ती मोठी पांढरी गोळी. क्वचित तिच्यामुळे प्लेटलेट उतरतात. स्वतःहून बंद करू नका, फक्त विचारा. आणि दारू. तुम्ही लिहिलं नाहीत, मी बंदीचे दोन महिने आणि बंदर दोन्ही ओळखून विचारते. दारू अस्थिमज्जेलाही दाबते आणि यकृतालाही. असली तर ती याच कागदांबरोबर मॅडमसमोर ठेवा, कावीळ बी आणि सीची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करायची का तेही विचारा. विषाणू दबला आणि तरीही प्लेटलेट चढल्या नाहीत, तर मग टीबी, यकृत, अस्थिमज्जा असा पुढचा शोध घ्यावा लागतो. तिथपर्यंत तुम्ही आज आलेला नाहीत.

तापाबद्दल. जूनमधला तो ताप एचआयव्हीचा होता असं धरून चालू नका. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो, तिन्ही प्लेटलेट पाडतात. बंदीच्या दिवसांत खलाशी घरच्या लावणीला उतरतात, पायाला चीर असते, शेतातल्या पाण्यात उंदराचं मूत; लेप्टो तिथूनच येतो. सिंधुदुर्गातल्या वाचकांनी यात माकडतापही धरावा, दोडामार्ग भागात तो 2016 पासून आहे. पुन्हा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि ‘प्लेटलेट आधीपासून कमी आहेत, गेल्या वेळी इतक्या होत्या’ हे पहिलं वाक्य.

पपईचा रस. डेंग्यूत लोक पितात, ताप उतरल्यावर प्लेटलेट वर येतात, आणि श्रेय पानाला जातं. डेंग्यूत त्या आपोआपही वर येतात. तुमच्या प्लेटलेट ज्या कारणाने उतरल्यात त्यावर पानाचा काही उपयोग होईल असं मानायला मला आधार दिसत नाही, आणि तो कडू रस रिकाम्या पोटी पिऊन उलटी झाली तर गोळीही बाहेर पडेल. किवी, ड्रॅगन फ्रूट यांवर पैसे घालवू नका. डेंग्यू आला की फळवाले त्यांचे भाव कुठे नेतात ते तुम्हाला ठाऊक आहे. प्लेटलेट वाढवणारं खास असं फळ नसतं. बांगडा, पेडवे, कुळथाची पिठी, माठ, शेवग्याचा पाला, जे घरात होतं ते पोटभर खा. फक्त हिरड्या दुखत असतील तोवर भाजलेल्या सुक्या बोंबलाचं टोक, कडक भाकरीची कड असलं टोचणारं काही नको.

कोणी रक्तवाढीचं टॉनिक किंवा कॅल्शियम दिलं, किंवा जळजळीचं ते गुलाबी औषध, तर डोल्युटेग्राविरची गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची. बरोबर घेतली तर लोह, कॅल्शियम आणि ॲंटासिड तिला पोटातच अडवतात. लोह-कॅल्शियम जेवणाबरोबर घेतलं तर चालतं, ॲंटासिड तेव्हाही चालत नाही.

आणि पिशवी. शरीर स्वतःच्या प्लेटलेट मारत असेल तर बाहेरच्याही काही तासांत मारतं. शिवाय पिशवी फ्रीजमध्ये ठेवत नाहीत; ती सामान्य तापमानाला हलवत ठेवावी लागते आणि पाच दिवसांत संपते, त्यामुळे प्रत्येक तालुक्याला मिळत नाही. जोरात रक्त जात असेल, मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव असेल, तेव्हा ती लागते. नुसत्या आकड्यासाठी नाही. आकडा 30,000 च्या खाली राहिला किंवा रक्त येत राहिलं तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देतात, घाईची वेळ असेल तर शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, जे फार महाग आहे. हट्टी आजारात एल्ट्रॉम्बोपॅगसारख्या गोळ्याही आहेत. हे निर्णय रक्ततज्ज्ञांनी घ्यायचे. स्टिरॉइड गावातल्या मेडिकलमधून स्वतःहून कधीच नको. ते टीबीसारख्या लपलेल्या आजाराला मोकळं रान देतं.

आता मुख्य प्रश्न, समुद्रात जायचं का.

माझं मत: पहिल्या फेरीला जाऊ नका. 50,000 च्या वर आपोआप रक्त येणं सहसा होत नाही, पण तुम्ही 41 वर आहात, हिरड्या अजून बोलतायत, आणि ट्रॉलरचा डेक म्हणजे ओली लाकडं, ताणलेला दोर, विंच आणि शिंगाळ्याचा काटा. गावात डोकं आपटलं तर तासाभरात तुम्ही दवाखान्यात असता. पन्नास वाव पाण्यात असाल तर बोट वळवून किनारा गाठायला रात्र जाईल. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा 50,000 च्या वर आले, रक्त येणं थांबलं आणि मॅडम ‘हो’ म्हणाल्या, की जा. चालीवरून वाटतं, गणपतीच्या आसपास ते जमू शकेल. मधल्या काळात जाळी विणणं, बर्फ भरणं, लिलावावर उभं राहणं, किनाऱ्यावरचं जे काम मिळेल ते घ्या. वाटा कमी पडेल, हे मला कळतं. कोळंबी सोडवत नाही, तेही कळतं.

नाखव्याला काय सांगायचं? खरं सांगा, पण अर्धंच: ‘रक्तातल्या प्लेटलेट कमी आहेत, डॉक्टरांनी महिनाभर बोटीवर नको म्हटलंय.’ डेंग्यूच्या कृपेने आपल्या किनाऱ्यावर शाळकरी पोरालाही प्लेटलेट माहीत आहेत, कोणी पुढे विचारणार नाही. एचआयव्हीबद्दल सांगण्याची सक्ती नाखवा तुमच्यावर करू शकत नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 2017 चा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. त्यात तुमच्या लेखी संमतीशिवाय ही माहिती उघड करता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढताही येत नाही. कायदा बोटीवर किती पोचतो हा प्रश्न आहेच. म्हणूनच प्लेटलेटचं कारण उपयोगी आहे, खोटंही नाही.

पुढे बोटीवर गेलात की गोळ्यांचं काय? याच्यावरच तुमच्या प्लेटलेट टिकणार आहेत, म्हणून नीट ठरवा. दिवसातून एक गोळी, जेवणाआधी-नंतर कधीही, फक्त वेळ तीच. रात्री फळीवर घेऊ नका, सगळे बघतात. पहाटे जाळं ओढायच्या आधी चहाचा गलका असतो, तेव्हा चहाबरोबर घ्या. बोटीवर दमटपणा असतो, तेव्हा गोळ्या कागदात सुट्ट्या बांधू नका. ओल शोषणारी पुडी असते त्याच मूळ बाटलीत ठेवा आणि बाटली कापडी पिशवीत गुंडाळा, म्हणजे खुळखुळणारही नाही. कोणी विचारलंच तर पुन्हा तेच उत्तर, प्लेटलेटची गोळी. तेही खरंच आहे की. निघताना फेरीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त गोळ्या जवळ असू द्या. बोट दुसऱ्या बंदराला लागली आणि गोळ्या संपत आल्या, तर तिथल्या एआरटी सेंटरात पुस्तिका दाखवून प्रवासात असल्याचं सांगा. पत्ता हवा असेल तर 1097 हा मोफत नंबर आहे.

बोटीवर कापलं तर: स्वच्छ फडका, घट्ट दाब, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मध्येच उघडून बघायचं नाही, बघितलं की गुठळी सुटते. नाकातून रक्त आलं तर पुढे वाकून नाकाचा मऊ भाग तितकाच वेळ चिमटीत धरा, मान मागे टाकू नका. शक्यतो स्वतःच दाबा. दुसऱ्याने मदत केली तर त्याच्या हातात मोजे हवेत, नाहीतर मासळीची प्लास्टिकची पिशवी. एखाद्याच्या उघड्या जखमेत तुमचं रक्त गेलंच, तर जखम पाण्या-साबणाने धुवायची आणि त्याला 72 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचं. 28 दिवसांची प्रतिबंधक औषधं तिथे मिळतात, जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं. त्या वेळी लपवायचं नाही, ते त्याच्यावर अन्याय होईल.

बोट वळवायलाच हवी अशा गोष्टी: डोक्याला मार, अचानक कधी नव्हे असं डोकं दुखणं, डांबरासारखी काळी शी, लघवीत रक्त, वीस मिनिटांत न थांबणारं रक्त, तोंडात आतून रक्ताचे फोड. यातलं काही किनाऱ्यावर असताना झालं तर रात्री दोन वाजताही जिल्हा रुग्णालय. सकाळ होऊ दे, असं नको.

बायकोबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ती निगेटिव्ह आहे आणि तुम्ही तीन-चार महिने गोळ्यांविना होतात. तिची तपासणी आता पुन्हा करून घ्या. विषाणू तपासणीत दिसेनासा होऊन सहा महिने झाले आणि गोळ्या नियमित राहिल्या, की संबंधांतून तो जात नाही. तोवर निरोध.

राहिली दाढ. आत्ता काढू नका. दाढ काढायला डॉक्टरांना प्लेटलेट साधारण 50,000 च्या आसपास तरी हव्या असतात. जवळच्या दंतवैद्याकडे जाऊन फक्त बघून घ्या, तोंडाने प्लेटलेटचा आकडा सांगा, कागदही दाखवा. पू झाला असेल तर ते ॲंटिबायोटिक देतील आणि दाढ थांबू शकेल. दुखण्यावर पॅरासिटामॉल, दिवसाला किती हे विचारून. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. ती आहेत तेवढ्या प्लेटलेटनाही नीट चिकटू देत नाहीत. मेडिकलवाला ‘दातावर स्ट्राँग’ म्हणून जी पुडी बांधून देतो, तिच्यात बहुतेक वेळा यांपैकीच काहीतरी असतं. पाकिटावरचं नाव वाचल्याशिवाय घेऊ नका. ब्रश मऊ घ्या, काडी घालून दाढ कोरणं बंद.